पॅलेटचं लाकूड: थप्पीतून निवडायचं कसं, ओळखायचं कसं

मी पॅलेटच्या, म्हणजे कारखान्यात माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, लाकडाचं बनवलेलं पहिलं शेल्फ डिसेंबरात पापडासारखं वळलं. सप्टेंबरात भंगारवाल्याने "साग आहे भाऊ, जुना माल" म्हणून तपकिरी, जड फळ्या दिल्या होत्या. पेठ-सुरगाण्याच्या सागाचं नाव ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे तपकिरी दिसलं की साग. पावसात भिजून काळवंडलेलं कुठलंही लाकूड तसंच दिसतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? शेवटी ओळखीच्या मिस्त्रींना घरी आणलं. त्यांनी शेल्फकडे धड पाहिलंही नाही. उरलेला एक तुकडा मागितला, त्याचं टोक पटाशीने तासलं, थुंकी लावून उजेडात धरलं आणि म्हणाले, "निलगिरी आहे. तीन महिने सरळ राहिली हेच खूप."

फळीचा चेहरा खोटं बोलतो, टोक बोलत नाही. नवख्याने एवढं धरून चाललं तरी निम्मे पैसे वाचतात. उरलेले निम्मे वाचतात ते थप्पीतली नऊ पॅलेट तिथेच सोडून दहावं उचलण्यात.

नाशकात हे लाकूड येतं कुठून

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यातल्या कारखान्यांत माल येतो तो पॅलेटवर किंवा पेटीत. माल उतरला की लाकूड भंगारात जातं. सातपूर-अंबड लिंक रोडच्या बाजूने फिरलात तर भंगाराच्या दुकानांत त्याच्या थप्प्या दिसतील. त्यात साधारण तीन जाती असतात.

पहिली, परदेशातून आलेल्या मशीनच्या पेट्या. यांच्या तळाला चार-चार, पाच-पाच इंच जाडीचे लांब ओंडके असतात, कारण त्यांच्यावर काही टन वजन बसलेलं असतं. मला विचाराल तर सगळ्या भंगारात खरा माल हाच. बाजूच्या फळ्या पातळ असल्या तरी लांब आणि सरळ मिळतात.

दुसरी, देशी पॅलेट. पुण्या-मुंबईहून किंवा जवळच्याच कारखान्यातून आलेली. यात मिस्त्री ज्याला सरसकट 'जंगली' म्हणतात ते असतं: निलगिरी, बाभूळ, सुबाभूळ, आंबा. एकाच पॅलेटमध्ये तीन झाडं निघतात. खिळे वाट्टेल तसे ठोकलेले.

तिसरी, इथेच बनलेली निर्यातीची पॅलेट. जानेवारी ते एप्रिल या द्राक्षाच्या हंगामात निफाड-पिंपळगावच्या पॅकहाउसमधून द्राक्षांच्या पेट्या याच पॅलेटवर चढून कंटेनरने जातात. ती पॅलेट परत येत नाहीत. पण बनवणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे आणि मोडकी पॅलेट राहतात. तुकडे दीड-दोन फुटांचेच असतात, पण कोरे, स्वच्छ, बिनखिळ्याचे. पहिल्यांदा हात चालवून बघायला यापेक्षा चांगला माल नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. कारखान्याच्या भिंतीबाहेर पडलेलं पॅलेट बेवारस नसतं. बहुतेक ठिकाणी भंगाराचा ठेका दिलेला असतो आणि ते लाकूड ठेकेदाराचं असतं. गेटवर विचारा, ठेकेदाराचा नंबर घ्या, पैसे देऊन चिठ्ठी घ्या. छोटा हत्ती भरून लाकूड नेताना कोणी अडवलं तर ती चिठ्ठीच कामाला येते. आणि निळ्या रंगाने रंगवलेली, 'चेप' असं नाव असलेली पॅलेट कोणी विकायला काढली तरी घेऊ नका. ती भाड्याने फिरणारी असतात, मालकी शेवटपर्यंत कंपनीचीच राहते.

आधी शिक्का वाचा

देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली तो आला. त्याचा शिक्का पॅलेटच्या ठोकळ्यावर किंवा पेटीच्या बाजूवर डागलेला किंवा छापलेला असतो. चौकटीत डावीकडे गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, शेजारी दोन इंग्रजी अक्षरांत देश, मग लाकडावर प्रक्रिया करणाऱ्याचा किंवा पॅकिंग बनवणाऱ्याचा नंबर, आणि प्रक्रियेची अक्षरं.

प्रक्रियेची अक्षरं सगळ्यात महत्त्वाची. एच-टी म्हणजे लाकूड तापवलेलं: गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. हे बिनघोर घ्या. डी-एच म्हणजे मायक्रोवेव्हसारख्या पद्धतीने ६० अंशांवर किमान एक मिनिट तापवलेलं, तेही चालतं. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. हा वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून युरोपीय संघाने २०१० मध्ये त्याचा वापर थांबवला, पण जुनी पॅलेट आणि इतर देशांची पॅलेट या शिक्क्याची येतात. वायू उडून जातो हे खरं, तरी स्वयंपाकघर, पाळणा, खेळणी यांसाठी मी एम-बी घेत नाही. दुसरं लाकूड मिळत असताना हट्ट कशाला? डी-बी दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ फक्त साल काढलेली आहे.

इथे नवख्यांची एक हमखास गफलत होते. एच-टी म्हणजे वाळवलेलं नव्हे. तापवल्याने आतली कीड मरते, पाणी राहू शकतं. भट्टीत वाळवलेल्या लाकडावर के-डी ही अक्षरं असतात. शिवाय तापवलेल्या लाकडाला पुढे कधीच कीड लागणार नाही, असंही नाही. भंगारात सहा महिने पडलं की भुंगा एच-टी वाचत बसत नाही.

देशाच्या अक्षरांवरून अंदाज बांधता येतो, पण जपून. डी-ई म्हणजे जर्मनी, जे-पी जपान, सी-एन चीन, एन-झेड न्यूझीलंड, आय-एन भारत. मात्र ही अक्षरं लाकडावर प्रक्रिया कुठे झाली ते सांगतात, झाड कुठे वाढलं ते नाही. आय-एन शिक्क्याचं पाइनचं पॅलेट बऱ्याचदा परदेशातल्या झाडाचं असतं. ओंडके जहाजाने कांडल्याला उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात आणि तिथून आपल्याकडे येतात.

युरोपचं एक पॅलेट लांबूनच ओळखू येतं. १२०० बाय ८०० मिलिमीटर, कोपऱ्यातल्या ठोकळ्यांवर अंडाकृतीत 'ई-यू-आर' किंवा 'ई-पी-ए-एल' डागलेलं. ११ फळ्या, ९ ठोकळे, ७८ खिळे. फळ्या २२ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आपल्या देशी पॅलेटची फळी पाच-सहा सुतांवरच थांबते, म्हणून हे मिळालं तर मी घासाघीस करत नाही.

शिक्काच नसेल तर? मग ते बहुधा देशांतर्गत फिरलेलं पॅलेट आहे, एवढंच. वाईट नाही, पण त्याच्यावर काय वाहिलं गेलं ते तुम्हालाच हुंगून शोधायचं आहे.

काय सोडून द्यायचं

खरंच हुंगा. नाक जवळ नेऊन. तेल, रॉकेल, औषधाचा वास आला तर पुढे चला. आपल्याकडे शेतीच्या औषधांची गोदामं कमी नाहीत. त्यांच्या पॅलेटवर सांडलेलं फळीत मुरतं आणि रंध्याने जात नाही. पांढरी पूड, निळसर-हिरवे स्फटिक, चिकट डाग दिसले तरी तेच. एकसारखा हिरवट रंग सगळ्या फळीत असेल तर ते तांबं आणि आर्सेनिक असलेलं वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड असू शकतं. त्याची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही आणि ते जाळायचंही नाही. पाइनवर राखाडी-निळे पट्टे दिसतात ते मात्र बुरशीचे. त्याने लाकडाची ताकद जात नाही, उलट काहींना ते रूप आवडतं.

भुंग्याची परीक्षा सोपी. फळी काळ्या कापडावर उभी आपटा. टाचणीएवढ्या भोकांतून मैद्यासारखा पांढरा भुसा पडला की कीड जिवंत आहे. ती घरातल्या सगळ्या फर्निचरलाही लागलेली चालणार असेल तरच घ्या.

आणि हात घालण्याआधी पॅलेट काठीने हलवा. थप्पीच्या पोटात विंचू असतात, पावसाळ्यात साप. हातमोजे, चष्मा, मास्क हे सगळे सांगतात. मी धनुर्वाताचं इंजेक्शनही आधी घ्यायला सांगतो.

वजनावर की नगावर

भंगारवाला दोन प्रकारे विकतो. भाव रोज बदलतात, म्हणून आकडा सांगत नाही, हिशेब सांगतो.

समजा पॅलेटची फळी ४० इंच लांब, ४ इंच रुंद, ६ सूत जाड आहे. ६ सूत म्हणजे पाऊण इंच. ४० गुणिले ४ गुणिले ०.७५, म्हणजे १२० घनइंच. एका घनफुटात १७२८ घनइंच. म्हणजे अशा सुमारे १४ फळ्यांचा एक घनफूट. वखारीत पाइनचा घनफुटाचा भाव विचारून या, मग भंगारातल्या १४ फळ्यांना किती द्यायचे ते आपोआप कळतं. खिळे काढण्याचा तुमचा एक आख्खा रविवारही त्यात मोजा.

कोरड्या पाइनचा एक घनफूट साधारण १४ किलो भरतो. निलगिरीचा २० च्या वर. वजनावर घेतलंत तर त्याच पैशात निलगिरी कमी मिळते आणि ती वळते ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात वजनावर घेणं. भिजलेलं पाइन सहज दीडपट भरतं, वरचे पैसे पाण्याचे. जून ते सप्टेंबर मी नगावरच बोलतो. विक्रेता "वजनावरच देतो" म्हणाला तर दिवाळीनंतर येतो म्हणून सांगतो.

सोडवणं

यूट्यूबवर पॅलेट पाच मिनिटांत सुटतं. ते तिथलं पॅलेट. आपल्याकडच्या खिळ्यांना बऱ्याचदा आटे किंवा कडी असतात आणि एका सांध्यावर तीन-तीन ठोकलेले असतात. पहार घालून ओढलं की खिळा जागचा हलत नाही, फळी मात्र टोकाला फुटते.

माझी पद्धत अशी. पॅलेट उभं भिंतीला टेकवायचं. फळी आणि तिच्याखालच्या आडव्या लाकडाच्या मधे पातळ पाचर ठोकून करवतीच्या पात्याएवढी फट करायची. मग लोखंड कापणारं, म्हणजे हॅक्सॉचं पातं त्या फटीत घालून खिळेच कापायचे. हाताने एक खिळा मिनिटभर घेतो. रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढे-मागे हलवणारी विजेची करवत) असेल तर दोन-तीन सेकंद. खिळ्याचं डोकं फळीत राहतं, ते मागून पंचने ठोकून काढायचं किंवा तसंच ठेवायचं. लाकडात गंजलेल्या खिळ्याभोवतीचा काळा ठिपका काहींना शोभेचा वाटतो. मला नाही वाटत, पण ज्याची त्याची आवड.

हत्यार नसेल तर दुसरा मार्ग: दोन्ही टोकांच्या खिळ्यांच्या आतून फळी सरळ कापून टाका आणि फक्त मधल्या सांध्याचे खिळे काढा. प्रत्येक फळीची आठ-दहा इंच लांबी जाते, पण फुटत एकही नाही. लहान पेट्या, खुंटाळी, ट्रे करायचे असतील तर हीच रीत बरी.

अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावून काम करणारे दिसतात. त्यांचं बघून करू नका.

सुटा खिळा काढायचा तो जंबुराने, आणि जंबुराखाली लाकडाचा तुकडा ठेवून, म्हणजे फळीवर खड्डा पडत नाही. काढलेले खिळे डब्यात टाका, अंगणात नको.

मग चुंबक. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक भंगारवाल्याकडेच मिळतं. त्याला दोरी बांधून फळीवरून अर्ध्या इंचावर हळूहळू फिरवायचं. आत तुटका खिळा किंवा स्टेपलची पिन असली की चुंबक त्या बाजूला मान वळवतं. मी एकदा कंटाळा केला आणि फळ्या तशाच वखारीत मशीनच्या रंध्याला नेल्या. तिसऱ्या फळीला ठिणगी उडाली. पात्याला जो खाच पडला त्याची धार लावायचे पैसे फळ्यांपेक्षा जास्त झाले. वर मिस्त्री सगळ्या वखारीसमोर म्हणाले, "दादा, खिळे घरी मोजायचे असतात." तेव्हापासून दोन्ही बाजूंनी दोनदा चुंबक फिरवतो.

ओळखणं

आता मुख्य गोष्ट. लागतं काय: एक धारदार पटाशी किंवा कटरचं कोरं पातं, पाण्याचा थेंब, दहा पट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळवाले डोळ्याला लावतात ते. आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, घरात कोणाला न विचारता घेतला तर परिणाम तुमचे.

फळीच्या टोकाची पहिली दोन-तीन सूत कापून टाका, ती नेहमी मळकी असतात. आतल्या ताज्या टोकावरून पातं एकदाच, न थांबता ओढा, म्हणजे नखाएवढी जागा काचेसारखी गुळगुळीत होते. करवतीच्या खरखरीत कापावर काही दिसत नाही, इथे घाई नको. थेंबभर पाणी लावा. भिंग डोळ्याला चिकटवा आणि लाकूड भिंगाजवळ आणा, भिंग लाकडाजवळ नव्हे.

पहिला प्रश्न एकच: भोकं दिसतात का?

दिसत नाहीत, फक्त फिक्या-गडद पट्ट्या आहेत, तर ते सूचिपर्णी झाड: पाइन, स्प्रूस, देवदार वगैरे. परदेशी पेट्यांतलं बहुतेक हेच. पट्टीतला फिका भाग वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीचा, गडद कडक भाग शेवटचा. दोन्ही मिळून एक वर्ष. गडद पट्टीच्या आसपास अधूनमधून टाचणीचं टोक टेकवल्यासारखे ठिपके दिसतात, त्या राळेच्या नळ्या. पाइनमध्ये त्या सहज सापडतात आणि ताजं तासलं की टर्पेंटाइनचा वास येतो. गाभा लालसर, कडेचा भाग पिवळट, असा फरक पाइनमध्ये दिसतो. स्प्रूस सगळीकडून एकसारखा पांढरट, रेशमी, वास जवळजवळ नाहीच, आणि गाठी बारीक पण दगडासारख्या. रंधा त्या गाठींवर उडतो.

आता पट्ट्या मोजा. एका इंचात दहा-पंधरा असतील तर थंड मुलुखातलं, सावकाश वाढलेलं झाड. तीन-चारच असतील तर लागवडीचं, झपाट्याने वाढवलेलं. न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येतं, त्याची एकेक पट्टी पाव इंच किंवा त्याहून रुंद निघते. रुंद पट्टीचं लाकूड मऊ, खिळा पटकन घेतं, पण फळीत झाडाचा अगदी मधला बिंदू आला असेल तर ती हमखास पिळते. असा बिंदू दिसला की मी ती फळी उभी चिरून दोन रिपा करतो.

भोकं दिसली तर रुंद पानांचं झाड. त्यात भोकांची मांडणी पाहायची.

वर्षाच्या पट्टीच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची सलग माळ आणि पुढे लहान लहान, हे सागाचं लक्षण. काही भोकांत पांढरट-पिवळं काहीतरी भरलेलं असतं. तासलेल्या जागेवर अंगठा फिरवला तर किंचित मेणचट लागतो, वास जुन्या चामड्यासारखा. माळ नाही तर साग नाही, विक्रेता काहीही म्हणो. पाइनवर तपकिरी रंग मारला की वरून सागासारख्याच रेघा दिसतात. म्हणूनच आधी भोकांचा प्रश्न.

निलगिरीत भोकं एकेकटी असतात, दुसऱ्याला न चिकटता, आणि तिरक्या ओळीत. पाऊस वाऱ्याने तिरका पडावा तशी. रंग फिक्या लालसरापासून तपकिरीपर्यंत, मधेच काळ्या डिंकाचे कप्पे, टोकांना चिरा. रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने एका बाजूने रंधा मारला की अर्धी फळी गुळगुळीत होते आणि अर्धी उपटली जाते. बाकासाठी, कुंड्यांच्या घोडीसाठी ठीक. शेल्फसाठी काय होतं ते वर सांगितलंच.

बाभळीत प्रत्येक भोकाभोवती फिकट कडं असतं. गाभा ताजा असताना गुलाबी, नंतर विटकरी होत जातो, कडेचा पांढरा भाग रुंद आणि भुंग्याचा आवडता. बैलगाडीची चाकं आणि शेतीची अवजारं ज्याची व्हायची ते हे लाकूड. पॅलेटच्या ठोकळ्यांत सापडलं तर मी मोगरी, हत्यारांच्या मुठी यासाठी बाजूला ठेवतो. पांढरा भाग मात्र तासून टाकतो.

आंबा करडा-पिवळट, भोकं मोठी पण विरळ, मधूनच काळे ओरखडे, वास काही नाही. चांगलं वाळलं तर सरळ राहतं, पण कीड फार लवकर लागते. काटेसावर इतकी हलकी की उचलतानाच कळते. नख दाबलं की खूण राहते. हिच्यापासून काड्यापेट्या आणि पॅकिंगची खोकी होतात, त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. दक्षिणेकडून आलेल्या खोक्यांत सिल्व्हर ओक आणि रबराचं लाकूड भेटतं. सिल्व्हर ओकची फळी उजेडात तिरकी धरली की माशाच्या खवल्यांसारखे चकाकणारे पट्टे दिसतात. एकदा पाहिलेत की विसरणार नाही. रबर दुधाळ, साय आलेल्या रंगाचं.

अमेरिकेहून आलेल्या पेटीत कधी रेड ओक निघतो. त्याची परीक्षा मुलांना दाखवण्यासारखी आहे: चार-पाच इंचांचा सरळ रेषेचा तुकडा घ्या, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा, दुसऱ्यातून जोरात फुंका. बुडबुडे येतात. आतल्या नळ्या मोकळ्या असतात म्हणून. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, तिथे गाल दुखतील पण बुडबुडा येणार नाही.

फळीच्या कडेला बिस्किटाच्या पुड्यासारखे थर दिसले तर ते प्लाय किंवा थर चिकटवून केलेला दांडा. चिनी पेट्यांत खूप येतो. ओळखण्याची गरजच नाही, साचे आणि खणांचे तळ करायला वापरा.

काट्याची साक्ष

डोळ्याने ठरवलं ते काट्यावर ताडून पाहा. बिनगाठीच्या, कोरड्या भागातून १० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ जाड असा तुकडा नीट मापाने कापा. त्याचं आकारमान बरोबर १०० घनसेंटिमीटर. काट्यावर जितके ग्रॅम, तितकी त्याची ओळख. ३५ ते ४० च्या आसपास सावर. ४० ते ४५ स्प्रूस. ४५ ते ५५ पाइन. ५५ ते ६५ मध्ये आंबा आणि रबर. साग ६० ते ७०. सत्तरीच्या पुढे निलगिरी, बाभूळ. फळी पातळ असेल तर लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून जे येईल त्याने ग्रॅमला भागा आणि शंभराने गुणा, पुढचं तेच.

सीमेवरचा आकडा आला तर काटा निकाल देणार नाही, पुन्हा भिंगाकडे जा. ६२ ग्रॅम साग पण असेल आणि आंबा पण. भोकांची माळ तो वाद मिटवते. आणि ओला तुकडा मोजलात तर पाइनसुद्धा स्वतःला बाभूळ म्हणवून घेतं.

वाळवणं

सोडवलेलं लाकूड त्याच दिवशी वापरायचा मोह होतो. भंगारात पडलेली फळी बाहेरची हवा प्यालेली असते. घरात आली की सुकते, आकसते, मग सांधे सुटतात. जमिनीपासून वीतभर उंच, दर दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या रिपा ठेवून थर लावा. रिपा एकावर एक उभ्या रेषेत यायला हव्यात, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाळतात. उन्हात नको, सावलीत, पण वारा खेळेल अशा जागी. वरून पत्रा किंवा जड ओंडका. नाशिकचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडा असतो, पाइनच्या पातळ फळ्या तीन-चार आठवड्यांत होतात. एप्रिल-मेच्या उन्हात घाईने वाळवलेल्या टोकांना चिरतात, तेव्हा टोकांना आधी जुना ऑइलपेंट फासा.

झालं की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. थरातली एक फळी ठरवून घ्या आणि दर रविवारी काट्यावर ठेवा. दोन रविवार आकडा हलला नाही की लाकूड तयार. प्रत्येक फळीच्या टोकावर खडूने झाड, शिक्क्यावरचा देश आणि तारीख लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी कोणती कुठली ते कोणालाच आठवत नसतं.

माझ्या गच्चीवर सध्या पाइनच्या बावीस फळ्या आणि निलगिरीच्या तीन आहेत. पाइनचा आकडा जानेवारीतच थांबला, त्याची पुस्तकांची मांडणी झालीसुद्धा. निलगिरीची फळी अजून दर रविवारी दहा-बारा ग्रॅमने उतरते आहे. तिला हात लावलेला नाही.